फाटक्या आवाजाची दुरुस्ती

फुगी एक वाजून दहा मिनिटांनी झोपली आणि तिच्या आईने तिच्या पोटावरचा आपला हात एकेक बोट करत उचलला. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं. करंगळीपर्यंत पोचायला चार मिनिटं लागली. नऊ महिन्यांच्या मुलीची दुपारची झोप म्हणजे फार तर पाऊण तास, त्यातली चार मिनिटं नुसती बोटांतच गेली. पण घाई केली की अख्खा पाऊण तास हातचा जातो, हे ती अनुभवाने शिकली होती. मग चवड्यांवर चालत ती जेवणाच्या टेबलाशी आली. टेबलावर तीन लोखंडी डबे शेजारी शेजारी बसले होते. एक लाल, एक काळा, एक हिरवा.

डबे गिटारचे होते. इलेक्ट्रिक गिटारची वायर डब्याच्या एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने दुसरी निघून स्पीकरला जाते, आणि मधल्या वाटेत डबा त्या आवाजाचं काय करतो ते पायाने बटण दाबलं की कळतं. शहाण्या मुलासारखा आत गेलेला सरळ, गोड आवाज बाहेर येतो तो फाटून, खरखरत, दात विचकत. दुकानात त्याला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात. फुगीची आई बँडमध्ये वाजवायची तेव्हा असा एक डबा कायम तिच्या पायाखाली असायचा, आणि त्यातून निघणाऱ्या आवाजावरून मैत्रिणींनी तिचं नाव ‘करवत’ ठेवलं होतं. तिच्या बाळंतपणात तो डबा माळ्यावर पडून राहिला, आतली बॅटरी पाझरली आणि तिने डब्याचं आतडं न् आतडं खाऊन टाकलं.

करवत म्हणून तिला कुणी हाक मारली त्याला दोन वर्षं झाली होती. आता ती फुगीची आई होती. डॉक्टरांच्या कागदावर, शेजाऱ्यांच्या फोनमध्ये, आणि अलीकडे स्वतःशी बोलतानाही. आणि गेल्या आठवड्यात अचानक ड्रमवालीचा फोन आला. ड्रमवाली आता दातांची डॉक्टर होती. म्हणजे धंदा बदलला तरी ठोकाठोकी सुटली नव्हती. जुन्या कॉलेजात येत्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्यांच्या बँडला दोन गाणी मिळाली होती. येशील का, असं तिने विचारलं नाही; किती वाजता यायचं तेवढं सांगितलं.

फुगीच्या आईने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बोटं उघडमीट करून बघितली. बोटांची तिला काळजी नव्हती. बोटं गाढवासारखी असतात, जुनी वाट विसरत नाहीत. भीती कानाची होती. हा आवाज आपला आणि हा नव्हे, असं ज्या कानाला कळायचं तो कान अजून जागेवर आहे, की बाळंतपणात केसांबरोबर तोही गळून गेला?

महागातला डबा घ्यायची ही वेळ नव्हती, तेव्हा ती स्वस्तातला शोधायला गेली. वाद्यांच्या दुकानदाराने तिच्या कडेवरच्या फुगीकडे, मग फुगीच्या तोंडातल्या दुकानच्या किल्ल्यांकडे पाहिलं आणि ओळखलं की ही बाई दुकानात बसून वाजवून बघू शकणार नाही. त्याने त्याच्याकडचे सगळ्यात स्वस्त तीन डबे तिच्या पिशवीत घातले. घरी नेऊन बघा, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दोन परत आणा, आवडला तो ठेवा, आणि ओरखडा पडला तर तो तुमचा, असं त्याने बजावलं.

आता, मंगळवारी दुपारी, ती कानाला हेडफोन लावून बसली आणि फुगीच्या दूध-झोपेच्या वहीतच मागच्या पानावर नोंदी करू लागली. लालसमोर तिने लिहिलं: धारदार, पण जाड तारांचं पोट खपाटीला जातं, बरणीत अडकलेली माशी. काळा: पोट आहे, पण चार तारा एकत्र छेडल्या की लापशी. हिरवा, जो तिघांत स्वस्त, वाजवायच्या आधीच हिस् हिस् करत होता आणि वाजवल्यावर रिकाम्या मिक्सरसारखा भडकत होता. त्याच्यासमोर तिने लिहिलं: जीव आहे, वळण नाही. लिहिता लिहिता तिला एकदम बरं वाटलं. माशी, लापशी, मिक्सर. म्हणजे कळतंय आपल्याला.

त्या आनंदात तिने मान जरा जोरात हलवली आणि हेडफोनची पिन निसटली. हिरव्या डब्याने स्पीकरमधून जी आरोळी ठोकली तिने फुगी उठली, शेजारच्यांनी खिडकी लावली, आणि बाल्कनीत बसलेले सासरे दारात येऊन उभे राहिले.

सासऱ्यांची ओळख इथे करून द्यायला हवी. चाळीस वर्षं ते रेडिओ दुरुस्त करत होते. रेडिओ, टेपरेकॉर्डर, सभेतले भोंगे. ज्याचा आवाज घोगरा झाला, फाटला, खरखरला, तो त्यांच्याकडे यायचा आणि स्वच्छ होऊन जायचा. सासूबाई गेल्यावर, वर्षभरापूर्वी, ते वायरी डाग द्यायचं एक सोल्डरिंग आयर्न, एक पत्र्याचा डबा आणि सासूबाईंचा रेडिओ घेऊन या घरात राहायला आले. सुनेची गिटार त्यांनी कपाटावर पाहिली होती. वाजताना कधी ऐकली नव्हती.

घरात त्यांचा एक शिरस्ता होता. एखादी वस्तू कुरकुरली की ते कुणाला न सांगता ती उघडायचे, नीट करायचे आणि पुसून जागेवर ठेवायचे. बोलून दाखवलं की कामाची अर्धी किंमत जाते, असं त्यांचं मत होतं. फक्त शेवटी स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. ही वस्तू आपल्या हातून गेली, पुन्हा कुणी उघडली तर ठिपका तुटेल, ही त्यांच्या दुकानातली जुनी खूण. बाटली सासूबाईंची होती. घरातल्या मिक्सरला, पंख्याच्या बटणाला, इस्त्रीला असे लाल ठिपके होते. फुगीच्या बदकाच्या पोटावरही होता. त्या बदकाचा आवाज बसला होता. दाबलं की ते सर्दी झाल्यासारखं क्वाक करायचं आणि फुगी खिदळायची. सासऱ्यांनी ते असं काही नीट केलं की ते सनईसारखं गाऊ लागलं. तेव्हापासून फुगी त्याला ओळखत नव्हती.

तर सासरे दारात उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर येते तशी काळजी होती. त्यांनी विचारलं, डबे नवीन आहेत का. फुगीची आई रडणाऱ्या फुगीला उचलत म्हणाली की हो, नवीनच, पण स्वस्तातले.

“स्वस्तातले,” सासरे म्हणाले. “तरीच.”

त्यांनी तिघांवरून एकदा नजर फिरवली आणि ते बाल्कनीत परत गेले.

बुधवारी सकाळी फुगीची लस होती. रांगेत दोन तास, मग रडण्यात एक. दुपारी घरी आल्यावर फुगीच्या आईला राळ जळाल्यासारखा वास आला. सासऱ्यांनी सांगितलं, इस्त्रीची वायर बघत होतो. इस्त्रीवर आधीच ठिपका होता, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. पण फुगीला ताप भरला होता, ती आईच्या उजव्या कानाशी तोंड लावून संध्याकाळपर्यंत रडली, आणि त्या दिवशी ठिपक्यांकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

गुरुवारी ताप उतरला. नवरा कामावरून लवकर आला आणि डबे निवडण्याची जबाबदारी त्याने अंगावर घेतली. तो रंगाच्या कारखान्यात होता. दोन पांढऱ्यांमधला फरक ओळखायचा, हे त्याचं काम. घरी मात्र निळे मोजे आणि काळे मोजे यांत त्याला आजवर फरक सापडला नव्हता. त्याचं म्हणणं असं की डोळ्यांना रंग दिसला की कान खोटं बोलतात. तेव्हा डबे झाकले पाहिजेत, क्रम तिला कळता कामा नये आणि तिने भिंतीकडे तोंड करून वाजवलं पाहिजे. त्याने जोडीदार हरवलेले तीन मोजे शोधून आणले, वायरीपुरती भोकं पाडली आणि तिन्ही डब्यांना चढवून वर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लावल्या. टेबलावर तीन पाय कापून ठेवल्यासारखं दिसू लागलं. सासरे फुगीला बाबागाडीतून बागेत घेऊन निघाले होते. जाताना ते मोज्यांकडे बघून गालात हसले. ते सहसा हसत नसत.

फुगीची आई भिंतीकडे तोंड करून बसली. अ वाजवला. ब वाजवला. क वाजवला. मग पुन्हा अ.

तिन्ही सारखे होते. माशी नव्हती, लापशी नव्हती, मिक्सर तर नावालाही नव्हता. एक मोकळा, गोड, धुतलेला आवाज. फार जोरात छेडलं तर कुठेतरी पाहुण्यांसमोर दाबलेल्या खोकल्यासारखी बारीक खरखर. तिने वायर बदलली. मोज्यांवरूनच डब्यांची बटणं पार शेवटपर्यंत फिरवली. मंगळवारी याच तिघांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

आता, नवरा हा भला माणूस होता. दोन वर्षांनी बायको गिटार घेऊन बसली आहे, तिचे खांदे कानांपर्यंत चढले आहेत, हे त्याला मागून दिसत होतं. कुठला आवाज फाटका म्हणायचा हे त्याला लग्नाआधीही कळलं नव्हतं. तेव्हाही तो पहिल्या रांगेत बसून सगळ्यालाच मान हलवायचा.

“हा फाटतोय का रे?” तिने भिंतीला विचारलं.

“फाटतोय की,” तो म्हणाला. “मस्त फाटतोय.”

“आणि हा?”

“हा तर जास्तच.”

तिने गिटार मांडीवरून खाली ठेवली. त्याला ऐकू येत होतं आणि तिला येत नव्हतं. डबे तेच, गिटार तीच, खोली तीच. मंगळवारनंतर बदललं होतं ते एकच, आणि ते तिच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लागलेलं होतं. नवऱ्याने हर्षभराने जाहीर केलं की त्याच्या मते ब सरस आहे. ती बरं म्हणाली आणि फुगीचे कपडे घड्या घालायला गेली.

शुक्रवारी सकाळी तिने ड्रमवालीला फोन करून सांगितलं की शनिवारी येणार नाही. कारण विचारल्यावर खरं तेच सांगितलं: मला ऐकू येईनासं झालंय, म्हणजे सगळं येतं, तेवढंच येत नाही. ड्रमवालीने दातदुखीची असली वर्णनं रोज ऐकलेली होती. तिने सांगितलं की माझ्या दवाखान्याच्या समोरच्या दारात कानवाले डॉक्टर बसतात, तासाभरात ये, नंबर मी लावते.

कानवाल्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. ऐकू आली की बटण दाबायचं. तिने सगळ्या दाबल्या. एकदा शिट्टी नसताना दाबलं, तेव्हा डॉक्टर बाहेर डोकावले आणि पाहतात तो पलीकडच्या खोलीत ड्रमवालीच्या मदतनीस बाईंच्या कडेवर फुगी सुरसुर नाक ओढत होती; ते आईला काचेतून ऐकू आलं होतं. डॉक्टर म्हणाले, असे कान त्यांनी वर्षभरात पाहिले नाहीत. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कान शाबूत निघाल्यावर दोष आणखी आत गेला, आणि तिथे बघणारा डॉक्टर कुठल्याच दारात बसत नव्हता. ड्रमवाली दवाखान्याच्या दाराशी उभी होती. ती म्हणाली, “वाजवू नकोस वाटलं तर. पण ये तरी.” आणि करवत असं म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

घरी येऊन फुगी झोपल्यावर ती तिन्ही डबे परत करायला भरू लागली. अ चा मोजा काढला, डबा पुसला, खोक्यात उलटा घालायला फिरवला आणि थांबली.

तळाच्या चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे ठिपके होते. व्यवस्थित, गोल, वाळलेले. तिने ब काढला. क काढला. बारा ठिपके.

सासरे बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते. ती तिन्ही डबे ओच्यात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. एक डबा उलटा करून त्यांच्यापुढे धरला. चोरी नव्हे, उपकार पकडला गेल्यासारखे ते लाजले.

“तिघांत एकच दोष होता,” ते म्हणाले. “कारखान्यातूनच. आवाजाच्या वाटेत दोन डायोड उलटसुलट बसवलेले, जरा आवाज उंच झाला की त्याचं डोकंच छाटायचे. शिवाय आवाज वाढवलाही भलताच होता. मी डायोड काढले, बाकीचं बेतात आणलं. दुकानदाराला सांगू नकोस, बिचाऱ्याला कमीपणा वाटेल.”

ती खालीच बसली. हसावं की रडावं हे ठरेपर्यंत दोन्ही झालं. मग तिने त्यांना हळूहळू सांगितलं की तो दोष नव्हता. तो मालच होता. डोकं छाटायचं, आवाज फाडायचा, एवढ्याच कामासाठी हा डबा बनतो, आणि कुणाचा डबा किती छान फाडतो यावर लोक तासन्‌तास भांडतात. सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

“म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांच्या सेटमधलं हे काढून फेकत होतो,” ते म्हणाले, “आणि हे कुणीतरी डब्यात भरून विकत होतं.”

तिने नवऱ्याला फोन केला आणि एकच विचारलं: काल तुला कसा काय फाटलेला ऐकू आला? पलीकडे कारखान्यातली यंत्रं घरघरत होती. तो म्हणाला, “तुला बरं वाटावं म्हणून.” तिने फोन ठेवला. एका घरात दोन भली माणसं असली की तिसऱ्याला वेड लागायला वेळ लागत नाही.

दुकान आठला बंद होणार होतं. आता साडेतीन झाले होते. सासऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं आणि औषधाच्या गोळ्यांची डबी उघडली. काढलेले भाग त्यांनी टाकले नव्हते. प्रत्येक डब्याचे वेगळ्या कप्प्यात, चिठ्ठी लावून. डायोड तांदळाच्या दाण्याएवढे होते. लालचे दोन, काळ्याचे दोन. हिरव्याच्या कप्प्यात एकच.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आयर्नचं टोक ओल्या फडक्यावर पुसलं, पुन्हा पुसलं.

“एक काढताना पाय तुटला त्याचा,” ते म्हणाले. “हात हलला. पूर्वी हलत नव्हता.” आणि थोड्या वेळाने, डब्याकडेच बघत, “म्हणून तर घेतलं हे काम अंगावर. बघायचं होतं, अजून जमतं का.”

काल भिंतीकडे तोंड करून आपण जे बघत होतो तेच हे बुधवारी याच टेबलाशी बसून बघत होते, हे तिच्या ध्यानात आलं. तिने टेबलदिवा ओढून जवळ घेतला आणि त्यांच्या हातावर प्रकाश येईल असा धरला. दिवा धरायच्या निमित्ताने दुसरा हात त्यांच्या मनगटाखाली टेकू म्हणून ठेवला. त्यांनी तो काढायला सांगितलं नाही.

लाल झाला, काळा झाला. त्यांच्यात मंगळवारची माशी आणि मंगळवारची लापशी परत आली. हिरव्यासाठी दुसरा डायोड हवा होता आणि असले सुटे भाग विकणारं शेवटचं दुकान कधीच बंद झालं होतं. सासऱ्यांनी आपला पत्र्याचा डबा आणला. त्यात लोकांच्या सेटमधून काढलेलं, थकलेलं, अर्धमेलं बरंच काही होतं. टाकवत नाही, एवढंच त्याचं कारण. त्यांनी बोटाने उलथापालथ केली आणि काचेचा एक छोटा जुनाट डायोड उजेडात धरला. मग खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

“हा तुझ्या सासूबाईंच्या रेडिओतला,” ते म्हणाले. “हा बिघडला होता म्हणून त्यांचा रेडिओ घोगरा बोलायचा. नीट करू का म्हटलं की म्हणायच्या, राहू द्या, घोगरा आहे म्हणून स्वयंपाकघरात कळतं की आपलाच चालू आहे, शेजारचा नाही. सगळ्या गावाचे रेडिओ सुधारले मी, घरातला तेवढा राहिला. त्या गेल्यावर, हाताला काही काम हवं म्हणून, बसलो एकदा आणि बदलला हा. एकदम स्वच्छ झाला.” त्यांनी डायोड फडक्यावर पुसला. “मग लावलाच नाही कधी.”

“बाबा, दुसरं काहीतरी बघू.”

“दुसरा नाही. आणि हा बिघडवण्यातच तरबेज आहे.”

त्यांनी तो बसवला. हात हलला नाही. किंवा दोघांचे मिळून हलले, त्यामुळे कळलं नाही. फुगी एव्हाना उठून त्यांच्या पायाशी बदकाचं डोकं चावत बसली होती. फुगीच्या आईने वायर जोडली, पायाने बटण दाबलं आणि जाड तार छेडली.

हिरवा डबा हिस् हिस् करायचं विसरला नव्हता. पण त्यानंतर जे आलं त्यात मिक्सर नव्हता. फाटका होता आवाज, चांगला उभा फाटलेला, पण फाटल्या कडा मऊ होत्या. खूप वेळ ओरडल्यावर माणसाचा घसा जसा आपल्या माणसाशी बोलतो तसा. तिने दुसरी तार छेडली. कुणाला काही विचारायची गरज नव्हती. हा. हाच. कान जागेवरच होता, कुठे गेलाच नव्हता. त्याला ऐकायला काही मिळालं नव्हतं इतकंच.

फुगीने बदक खाली टाकलं आणि दोन्ही हात टेबलाच्या पायावर आपटले. सासरे डब्याकडे कान करून मान खाली घालून उभे होते.

सव्वासात वाजता तिने लाल आणि काळा परत केला. दुकानदाराने दोन्ही वाजवून बघितले, मग उलटे करून ठिपके बघितले, आणि उघडले होते का असं विचारलं. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती म्हणाली, “हो. सासऱ्यांनी ते दुरुस्त केले होते. मग परत बिघडवले.” दुकानदाराने तीस वर्षांत बऱ्याच सबबी ऐकल्या होत्या, ही त्याच्या कुठल्याच खान्यात बसेना. त्याने आतलं काम बघितलं. कारखान्याने दिलं होतं त्याहून स्वच्छ होतं. त्याने डबे फळीवर ठेवले, आणि तिने सगळ्यात स्वस्त तेवढा का ठेवला, हे विचारायचं धाडस केलं नाही.

शनिवारी दोन गाणी झाली. पहिल्यात ती एकदा चुकली, दुसऱ्यात ड्रमवाली. शेवटच्या रांगेत कानांवर जाड टोपरं बांधलेली फुगी आजोबांच्या मांडीवर आडवी झोपली होती. नवऱ्याने पहिल्या रांगेतून सगळ्याला मान हलवली. खाली उतरल्यावर ड्रमवाली काठ्या पिशवीत कोंबत म्हणाली, “करवत, धार लावून आणलीस की कुठून.” आणि पुढच्या महिन्यातली तारीख सांगितली. येशील का, असं विचारलं नाही.

सासऱ्यांना ती दाराशी भेटली. कसं झालं, असं तिने विचारल्यावर ते विचार करून म्हणाले की हॉलचा डावा भोंगा फाटतो आहे, आणि तो मुद्दाम फाटतो आहे की बिघडला आहे, हे आता त्यांना सांगता येत नाही. एकूण या वयात मोठीच पंचाईत झाली.

रविवारी सकाळी गिटारशेजारी हिरवा डबा नव्हता. ती शोधत सासऱ्यांच्या खोलीपर्यंत गेली आणि दाराबाहेरच थांबली. आतून बातम्या ऐकू येत होत्या. बातम्या देणारी बाई घोगऱ्या, खरखरीत, जिव्हाळ्याच्या आवाजात कुठल्याशा पुलाचं काम लांबल्याचं सांगत होती. तिने फटीतून पाहिलं. सासूबाईंच्या रेडिओच्या पाठीतून एक वायर निघून हिरव्या डब्यात गेली होती, तिथून गिटारच्या स्पीकरमध्ये. सासरे पलंगावर पाठ टेकून बसले होते, डोळे मिटलेले, आणि त्यांचा अंगठा डब्याच्या बटणावर होता. ते बटण केसभर पुढे नेत, थांबत, केसभर मागे आणत. फुगी जमिनीवर बसून रेडिओकडे बघत होती आणि बदकाला ओळखायची तेव्हासारखी खिदळत होती.

ती आल्या पावली परत गेली. सोमवारीही डबा मागितला नाही. मंगळवारी एक वाजून वीस मिनिटांनी फुगी झोपली, तेव्हा पाऊण तास हाताशी असूनही तिच्याकडे वाजवायला गिटार होती पण फाडायला काही नव्हतं.

संध्याकाळी ती पुन्हा दुकानात गेली, या वेळी फुगीबरोबर सासरेही. दुकानदाराने तिला पाहिलं, सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर पाहिला, आणि स्वस्तातले डबे काउंटरवर ओळीने मांडले. सासऱ्यांनी खुर्ची पुढे ओढली. पहिला ऐकून ते म्हणाले, फार नेटका आहे. दुसऱ्याबद्दल म्हणाले की यात बिघाड आहे पण मनापासून नाही. तिसरा तिने छेडला तेव्हा काउंटरवरच्या काचा थरथरल्या, आणि फुगीने तोंडातल्या किल्ल्या काढल्या.

सासऱ्यांनी डबा उलटा करून स्क्रू बघितले. मग सुनेकडे वळून, दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “हा सगळ्यात वाईट आहे. हाच घेऊ.”